आगमनकाळ आला : परदेशातल्या अँग्लिकन मंडळीतलं उपासनेचं वर्ष

नगरची_लेक (दुबई)

येत्या 30 नोव्हेंबर 2025 ला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी, पहिला रविवार. चर्चचं नवं वर्ष इथून सुरू. दरवर्षी या सुमारास आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, चोवीस डिसेंबरला रात्री उपासना किती वाजता? विचारण्यात काही गैर नाही. पण चोवीसच्या रात्री अंगणात जादा खुर्च्या मांडाव्या लागतात आणि त्याआधीचे चार रविवार निम्मी बाकं रिकामी असतात, हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. परदेशात राहणाऱ्या माणसानं फक्त नाताळ आणि ईस्टर धरू नये, सगळं वर्ष धरावं, आणि त्यातले रुक्ष वाटणारे काळ आधी धरावेत, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगते. तुमच्याकडे कसं असतं तेही लिहा.

मी नगरची. आमचं घर एसपीजी या इंग्लिश मिशनच्या मंडळीतलं, आता अर्थातच सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). इथे आल्यावर पहिली धास्ती हीच होती की कुठल्या चर्चला जायचं. नव्यानं येणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते, सीएनआयचा माणूस अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चमध्ये परका नसतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि ते जगभरच्या अँग्लिकन परिवारात धरलं जातं. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) काहीही परत घ्यावं लागत नाही. पाळकांचं पत्र आणलंत तर चांगलंच, पण पहिल्या रविवारपासून प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायला, पुढे जायला हरकत नसते.

आखातातल्या अँग्लिकन मंडळ्या सायप्रस आणि आखात या धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या कक्षेत, येतात. हा धर्मप्रांत 1976 चा. त्याला कॅथेड्रल दोन, एक सायप्रसमध्ये निकोसियाला आणि एक बहारीनमध्ये मनामाला. दुबईत ऊद मेथाला होली ट्रिनिटी आहे, तिची जमीन शेख राशिद यांनी दिलेली. शेजारीच सेंट मेरीज हे कॅथलिकांचं. होली ट्रिनिटीच्या आवारात कितीतरी भाषांच्या आणि पंथांच्या मंडळ्या वेळा वाटून घेऊन उपासना करतात. एका हॉलमधून मल्याळम गीत ऐकू येतं, वरच्या मजल्यावरून तागालोग. आखातात उपासना ठरवून दिलेल्या आवारातच होते, त्यामुळे हे सगळं एकाच कुंपणाच्या आत नांदतं.

इथे पाळकाला चॅप्लन म्हणतात. तो काही वर्षं राहतो आणि जातो. मंडळीचंही तसंच. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की माणूस निघतो. ज्यांच्याबरोबर गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा पाळला त्यातले कितीतरी जण यंदा कॅनडात नाहीतर कोचीला असतात. गावाकडे मंडळी टिकते ती घराण्यांवर. पणजोबांनी पाया घातलेला असतो, आजीच्या नावाचं बाक असतं. इथे तसं काही नाही. इथे टिकतं ते वर्ष. वेदीवरच्या कापडाचा जांभळा रंग जातो, पांढरा येतो, मग हिरवा, परत जांभळा, मग पांढरा, एक दिवस लाल आणि पुन्हा लांबलचक हिरवा. माणसं बदलली तरी हा क्रम हलत नाही. म्हणून त्यातला एखादा तुकडा गाळला की आपली इथली वीणच सुटते असं मला वाटतं.

आणि हा क्रम इथे सांभाळणं सोपं नव्हतं. यूएईमध्ये 2021 संपेपर्यंत सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवार कामाचा, म्हणून आठवड्याची मुख्य उपासना शुक्रवारी. झावळ्यांचा रविवार शुक्रवारी, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला त्याचा सण) शुक्रवारी, त्रैक्य रविवारही शुक्रवारी. जानेवारी 2022 पासून शुक्रवार अर्धा आणि शनिवार-रविवार सुट्टी झाली, आणि बऱ्याच मंडळ्यांनी मुख्य उपासना रविवारवर नेली. काहींनी शुक्रवारचीही चालू ठेवली, कारण दुकानात, बांधकामावर, घरकामाला असलेल्यांना अजूनही शुक्रवारच मोकळा मिळतो. शुक्रवारची उपासना बंद करू नये या मताची मी आहे. सोयीच्या नोकऱ्या असलेल्यांच्या सोयीनं मंडळी चालली तर ती मंडळी कसली?

आता उपवासकाळ, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ. मला सगळ्या वर्षात तो सर्वांत जवळचा वाटतो, आणि तो खरा कळला आखातात आल्यावर. 2025 मध्ये इथे 1 मार्चला रमजान सुरू झाला आणि 5 मार्चला राखेचा बुधवार. म्हणजे सगळं शहर उपास करत होतं आणि आम्हीही. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सुदानी मैत्रीण रोजा ठेवायची. राखेच्या बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी कपाळावर राख लावून परत आले. तिनं विचारलं, हे काय? मी सांगितलं, गेल्या वर्षीच्या झावळ्यांचे क्रूस जाळून केलेली राख आहे, माती आहेस आणि मातीला मिळशील याची आठवण. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, आमच्याकडेही हेच सांगतात, आपण मातीचे. पुढचे चार आठवडे आम्ही दोघी दुपारी जेवणाच्या खोलीत न जाता टेबलापाशीच बसायचो. नगरला माझा उपास घरच्यांपुरता असायचा. इथे तो शेजारणीबरोबर झाला.

मंडळीनंही त्याप्रमाणे वेळा बदलल्या. अंगणातला चहा रमजानभर बंद ठेवला. अभ्यासवर्ग मुद्दाम इफ्तारच्या वेळेला घेतला, कारण त्या तासाभरात रस्ते मोकळे असतात. मातृ रविवार 30 मार्चला आला आणि इथे ईदही त्याच दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी मुलं चर्चमधल्या प्रत्येक बाईला फुलांची छोटी जुडी देतात, आई असो वा नसो. घरकामाला असलेल्या कितीतरी बायका आमच्या मंडळीत आहेत. त्यांची मुलं फिलिपिन्समध्ये सेबूला नाहीतर विजयवाड्याला आजीकडे वाढतात. उपासना संपल्यावर त्या फोन समोर धरून ती जुडी मुलांना दाखवत होत्या. तो दिवस गाळून सरळ ईस्टरला येणाऱ्यांना हे कसं कळणार?

2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे आणि रमजानही त्याच सुमारास सुरू होईल. आत्ताच लिहून ठेवा.

उन्हाळा मात्र अवघड जातो. जुलै-ऑगस्टला शाळा बंद, बाहेर भट्टी, मंडळी अर्ध्याहून कमी, कॉयरला सुट्टी. तेव्हा जे उरतात त्यांनीच वाचन, प्रार्थना, दार उघडणं, सगळं करायचं.

तुमच्याकडे कसं असतं?

पंचहौदकर (बहारीन)

ताई, मनापासून लिहिलंय. मी पुण्याच्या पंचहौदाच्या पवित्र नाम मंडळीत वाढलो. लहानपणी धूप, घंटा, मिरवणूक हे सगळं बघितलेलं, त्यामुळे मनामाच्या सेंट ख्रिस्तोफरमध्ये पहिल्याच आठवड्यात हायसं वाटलं.

आमच्याकडे सुट्टी अजूनही शुक्रवार-शनिवारच. तुमचा तो जुना शुक्रवार आम्ही आजही जगतो. ईस्टरचं सांगतो. शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) सुट्टीच्या दिवशी येतो, ते छानच. पण पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे ऑफिस. म्हणून मी शनिवारी रात्रीच्या जागरणाला जातो. अंधारात अंगणात आग पेटवतात, तिच्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, त्या मेणबत्तीवर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात आणि पाच धूपकण खोचलेले. तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. मग रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर. ख्रिस्त उठला आहे हे ज्याच्याशी बोलायचं तो शेजारचा माणूस एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. तरी मी सांगतोच.

पण एका बाबतीत माझं तुमच्याशी जुळत नाही. इंग्रजी मंडळीत आपण सगळं वर्ष मन लावून पाळतो हे खरं, पण आपली भाषा त्यात कुठे आहे? तमिळ, तेलुगू, मल्याळम, उर्दू, सगळ्यांच्या आपापल्या उपासना आहेत. मराठी माणूस मात्र मागच्या बाकावर बसून इंग्रजी गीत पुटपुटतो. पेटी-तबल्यावर भजन नाही, नारायण वामन टिळकांचा अभंग नाही. माझ्या मुलांना उपासना संगीत हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक कसं दिसतं तेही ठाऊक नाही. आपली वेगळी मराठी मंडळी का असू नये?

कोपनहेगनकर

वाचते आहे. उत्तरेकडचंही थोडं.

आमचं चर्च सेंट आल्बन्स, कास्टेललेट किल्ल्याच्या बाजूला, गेफियन कारंज्याला लागून. 1887 ला पवित्रीकरण झालं, आर्किटेक्ट आर्थर ब्लॉमफिल्ड. बाहेरून गारगोटीच्या भिंती, अगदी इंग्लंडातल्या खेड्यातून उचलून आणल्यासारखं. आतलं वेदीमागचं शिल्प, व्यासपीठ आणि बाप्तिस्म्याचं कुंड डॉल्टन कंपनीच्या भाजलेल्या मातीचं. पर्यटक कारंज्याचे फोटो काढता काढता आत येतात आणि थबकतात.

आम्ही चर्च ऑफ इंग्लंडच्या युरोप धर्मप्रांतात. त्याचं मुख्य कॅथेड्रल जिब्राल्टरला, आणि व्हॅलेटा व ब्रसेल्सला त्याची दोन उप-कॅथेड्रलं. डेन्मार्कचं लुथरन चर्च 2010 मध्ये अँग्लिकन आणि लुथरन चर्चेसमधल्या पोर्वो करारात सामील झालं, तेव्हापासून त्यांच्याबरोबर एकत्र प्रभूभोजन घेता येतं. आगमनकाळात त्याचा उपयोग होतो, कारण या देशात आगमनकाळाची खरी कदर आहे. डिसेंबरात पावणेचारच्या आत अंधार पडतो. घराघरांत चार मेणबत्त्यांचं वर्तुळ असतं आणि दर रविवारी एक एक लावतात. चर्चमध्ये आम्ही अंधारातून प्रकाशाकडे जाणारी उपासना करतो. सुरुवातीला फक्त पश्चिमेच्या दाराशी एक ज्योत, वाचन आणि गीत पुढे सरकेल तसा उजेड वेदीकडे सरकतो. तुम्ही आखातात डिसेंबरला अंगणात गीतं म्हणता, आमच्याकडे ते शक्य नाही. पण अंधाराचा अर्थ आम्हाला कुणी समजावून द्यावा लागत नाही.

पंचहौदकर दादांच्या मुद्द्यावर थोडं. भाषा हवीच. पण आमच्या चर्चच्या दिनदर्शिकेत 30 एप्रिलला कुणाचं नाव आहे ठाऊक आहे का? पंडिता रमाबाईंचं. शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून चर्च ऑफ इंग्लंडनं त्यांचा दिवस नेमला आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी मुक्तीमिशनमध्ये पुरं केलं. एका वर्षी 30 एप्रिलला आठवड्यातल्या प्रभूभोजनाला आम्ही मोजकीच माणसं होतो. चॅप्लननं मला विचारलं, त्या दिवसाचं वाचन मराठीत करशील का? मी रमाबाईंच्याच भाषांतरातलं केलं. जुनी मराठी, अवघड जात होती, पण समोर बसलेल्या घानाच्या आजी शेवटी म्हणाल्या, पुन्हा एकदा वाच. हे वेगळ्या मराठी मंडळीत झालं नसतं.

वसईकर

कॅथलिक म्हणून दोन शब्द लिहितो, चालेल ना? काळ आणि रंग बहुतेक सारखेच आहेत आपले. दोघांकडे वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आहे, येत्या आगमनकाळापासून मत्तयच्या शुभवर्तमानाचं वर्ष सुरू. झावळ्यांचं विचारायचं होतं. आमच्याकडे नारळीच्या पात्यांचे क्रूस घरोघरी विणतात, माझ्या काकूचे तर फुलासारखे असतात. दुबईत काय करता?

नगरची_लेक (दुबई)

वसईकर, या बाबतीत आम्ही श्रीमंत! खजुरीची झाडं रस्त्याच्या मधोमध उभी आहेत. झावळ्यांच्या रविवारी भल्या मोठ्या खजुरीच्या फांद्या येतात. इंग्लंडात वाळलेल्या पट्टीचे छोटे क्रूस बाहेरून मागवतात, इथे ओली झावळी हातात मिळते. योहानाच्या शुभवर्तमानात लोकांनी ज्या घेतल्या त्याही खजुरीच्याच. फक्त देठाकडे काटे असतात, मुलांच्या हातात देण्याआधी खालचा भाग कापून घ्यावा लागतो. आमच्या नायजेरियन काकू ते काम आदल्या संध्याकाळी बसून करतात आणि बाकीच्यांना सुरी धरू देत नाहीत.

पंचहौदकर दादा, तुमचं दुखणं खरं आहे, मलाही आहे. वेगळी मराठी उपासना असावी की नाही, असावीच. महिन्यातून एकदा, आवारातल्या हॉलमध्ये, चॅप्लनला विचारून. पेटी माझ्याकडे आहे. पण ती मुख्य उपासनेच्या जागी नको. मी तमिळ आणि तेलुगू मंडळ्यांचं बघते. त्यांची संख्या इतकी आहे की त्यांचा पवित्र आठवडा स्वतंत्रपणे उभा राहतो. आपण मराठी अँग्लिकन इथे मूठभर. वेगळे झालो तर राखेच्या बुधवारी आठ माणसं, पवित्र गुरुवारी पाय धुवायला पाच. आणि उन्हाळ्यात दाराला कुलूप. वर्ष टिकवायचं तर मोठ्या मंडळीतच राहायला हवं.

पंचहौदकर (बहारीन)

संख्येचा मुद्दा मान्य. पण आठ माणसांनी राखेचा बुधवार केला तर काय बिघडतं? पंचहौदातही पहाटेच्या प्रभूभोजनाला कधी कधी तेवढीच असायची. आजीबरोबर जायचो. आजी म्हणायची, संख्या मोजायला देव कारकून नाही. मला मुलांना मराठी प्रार्थना पुस्तक द्यायचं आहे. मोठ्या मंडळीत ते होत नाही, कारण तिथे सगळ्यांच्या मधलं काहीतरी निवडावं लागतं आणि ते शेवटी इंग्रजीच असतं.

एक गोष्ट मात्र मोठ्या मंडळीतच घडते, तीही सांगतो. नोव्हेंबरातला दुसरा रविवार हा युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा. इंग्रज मंडळी लाल पॉपी लावून येतात, दोन मिनिटं शांतता पाळतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, हे त्यांचं आहे, आपलं काय? मग मी वाचायला लागलो. पहिल्या महायुद्धात इराकच्या आघाडीवर जे सैन्य आलं त्यात सहावी पूना डिव्हिजन होती. 103 वी, 110 वी आणि 117 वी मराठा पलटण. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत इराकमधल्या कूत शहरात वेढ्यात अडकलेले, उपासमारीत घोडे मारून खाण्याची पाळी आलेले. बहुतेक सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या फौजींच्या गावाचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. त्या मोहिमेच्या स्मरणार्थ बगदादला सेंट जॉर्जेस हे अँग्लिकन चर्च 1936 मध्ये बांधलं, आणि ते आमच्याच धर्मप्रांतात आहे. यंदा 9 नोव्हेंबरला मी चॅप्लनना आधी भेटून सांगितलं, मध्यस्थीच्या प्रार्थनेत कूतच्या हिंदी शिपायांचं नाव घ्या. त्यांनी घेतलं, आणि मलाच ती प्रार्थना म्हणायला लावली. मी शेवटची ओळ मराठीत म्हटली. ते शिपाई ख्रिस्ती नव्हते, पण आपल्या मातीतले होते आणि याच वाळूत राहिले. ब्रिटिश वकिलातीतले एक गृहस्थ नंतर येऊन उभे राहिले आणि पलटणींची नावं लिहून घेऊन गेले.

मिऱ्याबंदर (जहाजावर, सध्या फुजैराच्या नांगरावर)

मी ख्रिस्ती नाही, रत्नागिरीचा आहे, मर्चंट नेव्हीत. तुमच्या बोलण्यात शिरतोय कारण एक गोष्ट सांगायचीच आहे.

बंदराबंदरांत मिशन टु सीफेरर्स म्हणून संस्था असते, पंख पसरलेल्या देवदूताचं चिन्ह. 1856 पासूनची, अँग्लिकन चर्चची. आमच्यासारख्यांना किनाऱ्यावर उतरता येत नाही, व्हिसा नसतो, वेळ नसतो. त्यांची माणसं जहाजावर येतात. सिमकार्ड, वायफाय, आणि नुसतं तुम्ही कसे आहात हे विचारायला. मागे एका जहाजावर मालकानं पगार थकवला आणि जहाज नांगरावर तसंच सोडून दिलं होतं. आम्ही कोकणातले तिघं, बाकी फिलिपिनो आणि युक्रेनियन. पिण्याच्या पाण्याचीही चणचण. तेव्हा वकिलासाठी कुणाला फोन करायचा, घरी काय कळवायचं, हे त्यांच्याच चॅप्लननं सांगितलं. डिसेंबरला प्रत्येकाच्या नावचा खोका आला. साबण, टूथपेस्ट, लोकरीची टोपी, चॉकलेट आणि एका शाळकरी मुलाच्या अक्षरातलं कार्ड. टोपी अजून माझ्याकडे आहे. धर्म कुणी विचारला नाही.

नगरची_लेक (दुबई)

मिऱ्याबंदर, तुमचं वाचून डोळे भरून आले. ते खोके आगमनकाळातच भरले जातात! आमच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडतात आणि मुलं रांगेनं एकेक वस्तू टाकत जातात. टोप्या विणायला काही आज्या ऑगस्टपासूनच बसलेल्या असतात. मी जे म्हणते आहे ते हेच. आगमनकाळाचे चार रविवार म्हणजे नाताळची वाट बघत नुसतं बसणं नाही, ते काम करण्याचे दिवस आहेत. चोवीसला थेट येणाऱ्यांच्या हाताला हे काम लागतच नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी समुद्र रविवारही असतो. नेमका आमचा सगळ्यात रिकामा आठवडा. यंदा तेव्हा तुम्हा सगळ्यांसाठी प्रार्थना झाली होती, आता चेहरा कळला.

सदाफुली (शारजा)

मी हिंदू, शारजात राहते. इथे 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही दिवस सुट्टी, त्यामुळे वेळ आहे. मैत्रीण कॅरलच्या उपासनेला बोलावते आहे, त्या नऊ वाचनांच्या. आम्ही आलो तर चालतं का? काही चुकायला नको म्हणून विचारते.

कोपनहेगनकर

सदाफुली, अगदी निःसंकोच जा. नऊ वाचनं आणि मधे गीतं ही उपासना 1880 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोला सुरू झाली आणि 1918 पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये होते, तिथून जगभर गेली. तीत बहुतेक ठिकाणी प्रभूभोजन नसतं, नुसतं ऐकायचं आणि गायचं. आदाम-हव्वेपासून सुरुवात होते आणि शेवटी योहानाचा पहिला अध्याय. त्यासाठी सगळे उभे राहतात, तेव्हा उभ्या राहा. एरवीच्या रविवारी गेलात आणि भाकर-द्राक्षारसाची वेळ आली तर बसून राहिलात तरी चालतं, किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, म्हणजे पाळक फक्त आशीर्वाद देतात.

सदाफुली (शारजा)

धन्यवाद! फराळ काय न्यावा?

नगरची_लेक (दुबई)

करंज्या! आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळी सगळं असतं. गेल्या वर्षी उपासनेनंतरच्या टेबलावर माझ्या करंज्या, कुणाचा जोलोफ भात, कुणाचं पान्सित आणि इंग्लिश आजींचे मिन्स पाय शेजारी शेजारी होते. करंज्या आणि मिन्स पाय दोन्हींत गोड सारण, त्यामुळे आजींनी माझ्याकडून कृती लिहून घेतली. खसखस इथे आणायला बंदी आहे, त्यामुळे सारणात तीळ घाला.

शांत_नदी (बेल्जियम)

एवढ्या छान धाग्यात पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. युरोपातल्या आमच्या मंडळ्या स्वतःच्या दानावर चालतात. चॅप्लनचा पगार, घर, हीटिंग, सगळं आपणच उभं करायचं. इंग्लंडातून कुणी पाठवत नाही. त्यामुळे जे नाताळपुरते येतात त्यांच्यावर मी रागावत नाही, पण सभासद-यादीत नाव नोंदवा एवढं सांगते. सहा वर्षांनी ही यादी पूर्ण नव्यानं होते, 2025 मध्ये ती झाली. यादीत नाव असेल तरच वार्षिक सभेत मत देता येतं, वॉर्डन (मंडळीचे कारभारी) आणि कौन्सिल निवडता येतं. आपली भारतीय माणसं वर्षानुवर्षं येतात, स्वयंपाक करतात, खुर्च्या उचलतात, पण नाव नोंदवत नाहीत आणि मग निर्णयाच्या टेबलावर आपलं कुणी नसतं. भाषेचं वाचन असो की भजन, ते ठरवणारी जागा ती आहे. चॅप्लन बदलून जातो आणि नवा यायला महिनोन् महिने लागतात, तेव्हा निवृत्त पाळक थोड्या थोड्या आठवड्यांसाठी येतात आणि सगळा भार वॉर्डनवर पडतो. आमच्याकडे गेल्या वेळी त्या काळात पवित्र आठवड्याचं सगळं वेळापत्रक केरळच्या एका वॉर्डनबाईंनी उभं केलं, एकही उपासना गाळली नाही.

पंचहौदकर (बहारीन)

शांत_नदी, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडच्या सभेचं विचारतो.

नगरच्या ताई, मी अजून वेगळ्या मराठी उपासनेच्या बाजूनंच आहे, पण सुरुवात मोठ्या मंडळीतूनच करून बघतो. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी, उपासनेनंतर हॉलमध्ये अर्धा तास भजन. आमचा तो रविवार शुक्रवारी येतो, 12 डिसेंबरला. तबला मिळाला आहे. पेटी नाही.

नगरची_लेक (दुबई)

पेटी पाठवायची सोय बघते, ऑफिसचे एकजण गाडीनं सौदीमार्गे बहारीनला जातात. नाहीतर मुलाला कीबोर्डवर बसवा, चालतं.

आणि पेंटेकॉस्टचं आत्ताच सांगून ठेवते, तो 24 मे 2026 ला आहे. आमच्याकडे त्या दिवशी प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय सगळ्या भाषांत वाचतात. आधी एकानंतर एक, आणि मग चौथ्या वचनानंतर सगळे एकदम, आपापल्या भाषेत, मोठ्यानं. पहिल्यांदा मी मराठीचा कागद हातात घेऊन उभी राहिले तेव्हा एका बाजूला योरुबा आणि दुसऱ्या बाजूला कोरियन. स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मी पार्थी, मेदी, एलामी अशी नावं वाचत गेले आणि यादीच्या शेवटी अरब आले. इथे, या वाळवंटात राहून ते नाव वाचताना अंगावर काटा आला. या भूमीची भाषा यरुशलेमेतल्या त्या पहिल्या दिवशीही होती. मागच्या बाकावरचा लातूरचा एक इलेक्ट्रिशियन मुलगा नंतर धावत आला आणि म्हणाला, ताई, मराठी ऐकली का मी? तो त्या आधी फक्त नाताळला यायचा. आता शुक्रवारचा पाठ तोच वाचतो.

पंचहौदकर (बहारीन)

24 मे लिहून घेतली. आमच्याकडे ते 22 ला होईल. पाठ माझी मोठी मुलगी वाचेल, देवनागरी शिकते आहे सध्या. एलामी म्हणताना अडखळते, तोवर जमेल.

मिऱ्याबंदर (जहाजावर, सध्या फुजैराच्या नांगरावर)

आम्ही जानेवारीपर्यंत इथेच असू असं दिसतंय. खोक्यात यंदा टोपीपेक्षा मोजे घाला, रात्री डेकवर पाय गार पडतात.

नगरची_लेक (दुबई)

मोजे यादीत टाकले. टेबलं 6 डिसेंबरला संध्याकाळी लागणार आहेत. दुबई, शारजा, अजमानमधल्या ज्यांना यायचं त्यांनी मला निरोप करा, ख्रिस्ती असा नसा. सदाफुली, तुम्हीही या.